न सांडलेलं ऑइल

आमच्या डॉक्टरांनी मोटारीचं ऑइल घरी बदललं आणि एक थेंबही सांडला नाही, ही गोष्ट त्यांच्या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाने ऐकली आहे. डॉक्टर दातांचे आहेत. तोंड उघडं असताना माणूस उठून जाऊ शकत नाही. मी त्या दिवशी तिथे होतो, म्हणून उरलेलीही सांगतो.

डॉक्टर माझ्या वडिलांच्या वयाचे. तरी आम्ही मित्र. ओळख झाली अक्कलदाढेच्या निमित्ताने. दाढ गेली, मैत्री राहिली. मी नुकताच साहित्य घेऊन पदवीधर झालो होतो आणि काही करत नव्हतो. डॉक्टरांना असा माणूस हवाच होता.

त्यांच्या स्वच्छतेबद्दल लोक आदराने बोलतात. लोकांना ती लांबून दिसते. डॉक्टर वर्तमानपत्र वाचण्याआधी हात धुतात आणि वाचून झाल्यावरही धुतात. पाहुणा खुर्चीतून उठला की उशी सरळ करतात. पाहुणा अजून दारातच असतो. एकदा सर्व्हिसिंगहून गाडी परत आली तेव्हा स्टिअरिंगवर कुणाचा तरी काळा अंगठा उमटलेला होता. डॉक्टर तो अंगठा दाखवायला माझ्या घरी आले. गाडीसकट. मी बघितला. अंगठाच होता.

"हा माणूस उद्या इंजिनात हात घालणार," डॉक्टर म्हणाले. त्यांनी त्याच दिवशी ठरवलं, यापुढे ऑइल आपण बदलायचं.

पहिला प्रयत्न मी पाहिला नाही. वहिनींनी सांगितला. वहिनी म्हणजे डॉक्टरांची बायको. शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे कमी बोलतात आणि बोलतात ते खोडता येत नाही. इंजिनाच्या पोटाखाली एक नट असतो. तो काढला की जुनं ऑइल खाली येतं. डॉक्टरांनी आधी इंजिन इतका वेळ चालू ठेवलं की ऑइल उकळत्या चहासारखं आलं. ते मनगटावरून कोपरापर्यंत गेलं. नट टबात पडला. नट शोधताना टब उलटला. मग डॉक्टर हात धुवायला निघाले. ते पोर्चमधून हॉलमध्ये, हॉलमधून न्हाणीघरात गेले, आणि ते कुठून कुठे गेले हे फरशीवर पावलांनी लिहिलेलं होतं. वाटेत घरातल्याच दवाखान्याच्या बाकावर एक बाई गाल धरून बसल्या होत्या. दातांचे डॉक्टर कोपरापर्यंत काळे होऊन समोरून गेलेले त्यांनी पाहिले. बाई उठल्या आणि घरी गेल्या. त्यांचा दात दुखायचा तिथेच थांबला म्हणतात.

जुन्या फरशीचा डाग निघाला नाही. वहिनींनी फरशी काढून टाकली आणि नवी बसवली. पांढरीशुभ्र. पोर्चमधूनच रोगी आत येतात, तेव्हा पहिलं दर्शन चांगलं हवं, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या वेळी डॉक्टरांनी पुन्हा ऑइलचा विषय काढला तेव्हा वहिनी वह्या तपासत होत्या. मान वर न करता त्यांनी सांगितलं, या फरशीवर एक थेंब पडला तर गाडी माझ्या भावाला.

भावाचं रंगाचं दुकान आहे. त्या गाडीवर त्याचा डोळा पहिल्यापासून. घरी आला की आधी बॉनेटवर हात फिरवायचा, मग बहिणीला विचारायचा, ताई कशी आहेस.

बाहेरच्याला वाटेल, एक जुनी गाडी, गेली तर गेली. पण ती गाडी म्हणजे डॉक्टरांची खोली होती. पुढची खोली दवाखान्याची. हॉलमध्ये वहिनींच्या शिकवण्या. दुपारी जेवण झालं की डॉक्टर पोर्चमध्ये उभ्या गाडीत जाऊन बसत, काचा वर करत आणि गात. आवाज बाहेर येत नसे, नुसतं तोंड हलताना दिसे. ते चांगलं गात नाहीत. म्हणूनच काचा. त्यांना दुसरं व्यसन नाही. गाडी गेली असती तर ते कुठे गायले असते मला माहीत नाही.

तर डॉक्टर तयारीला लागले. त्यांची चूक त्यांना सापडली होती. ते म्हणाले, मागच्या वेळी मी मेकॅनिकसारखा वागलो. या वेळी मी माझ्यासारखा वागणार.

रविवारी सकाळी मी पोचलो तेव्हा गाडीची पुढची चाकं लाकडी उतारांवर चढवलेली होती. खाली प्लास्टिक, त्यावर पुठ्ठा, त्यावर जुनी वर्तमानपत्रं, त्यावर पुन्हा प्लास्टिक. इतकं अंथरूण आमच्या घरात आजाऱ्यालाही मिळत नाही. वहिनींनी ते बघितलं आणि एवढंच म्हणाल्या की हे सगळं उचला. फरशी झाकून फरशीवर सांडणार नाही म्हणण्यात काय अर्थ आहे? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्रं उचलू लागलो.

राहिला फक्त टब. मेहुणा खुर्ची टाकून बसला होता, हातात टॉर्च. पंच तोच. निकाल ज्याच्या फायद्याचा, पंचही तोच. पण घरात असंच असतं.

डॉक्टरांनी पांढरा कोट घातला. हातमोजे, मास्क, कपाळाला दिवा. इंजिन थोडाच वेळ चालवून बंद केलं. कोमट पुरे, म्हणाले. मग पाठीवर झोपून आत सरकले आणि दाताच्या मागचं बघायचा तो छोटा आरसा मागितला. मी दिला. त्या आरशात त्यांनी नट बघितला. बराच वेळ बघितला.

"किडलाय का भावोजी?" मेहुण्याने विचारलं.

दाताचं माप घ्यायचा गुलाबी मसाला आत गेला. मळून त्यांनी नटाभोवती त्याची एक चोच बनवली, खाली टबाकडे वळलेली. भोवताली कापसाच्या गुंडाळ्या लावल्या. खरं सांगायचं तर काम सुंदर होतं. गाडीला ओठ फुटल्यासारखं दिसत होतं. नट फिरवायच्या आधी डॉक्टर सवयीने म्हणाले, थोडं दुखेल. गाडी काही बोलली नाही.

नट आत दाबत दाबत त्यांनी फिरवला आणि शेवटी झटकन बाजूला घेतला. ऑइल चोचीतून टबात पडू लागलं. शाईसारखं, न उडता, न शिंपडता. मेहुणा वाकून टॉर्च मारत होता. त्याचा चेहरा उतरत चालला होता. धार बारीक झाली. मग थेंब. मग थांबली. फिल्टरही पिशवीत गुंडाळून निघाला. मी जन्मात पहिल्यांदा टाळी वाजवणार होतो.

डॉक्टरांनी टब ओढून घेतला आणि तेव्हाच चोचीच्या टोकाला एक थेंब जमायला लागला. खाली आता फक्त पांढरी फरशी होती आणि डॉक्टर. डॉक्टरांचे दोन्ही हात टबाला. टब भरलेला, सोडता येत नव्हता.

"ताई, बघ, पडतोय," मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजात भक्ती होती.

डॉक्टरांनी डोक्याला झटका देऊन मास्क हनुवटीखाली पाडला, मान सरकवली आणि आ केला. थेंब आत पडला.

मग मेहुणा म्हणाला की पडला, सगळ्यांनी पाहिला. डॉक्टर आ करूनच होते, त्यांना बाजू मांडता येत नव्हती. वहिनी पुढे आल्या. वाकून फरशी पाहिली. नवऱ्याचं तोंड पाहिलं.

"फरशीवर पडलेला नाही," त्या म्हणाल्या. "आणि तोंडाबद्दल काही ठरलं नव्हतं."

मेहुणा आत चहा प्यायला गेला. डॉक्टरांनी पुष्कळ चुळा भरल्या. त्यांच्याकडे त्याची सोय उत्तम आहे.

आता नट परत लावायचा होता. नटाखाली दर वेळी नवा वायसर लावतात, तांब्याची एक चकती. दुकानदाराने ती दिलेली होती. डॉक्टरांनी चकती उजेडात धरली, बोटावर फिरवली आणि मला विचारलं, हिच्या भरवशावर? मी खांदे उडवले. ते दवाखान्यात गेले आणि काचेच्या तुकड्यावर काहीतरी पांढरं घोटत परत आले. पातळ पात्याने, भराभर, एकाच दिशेने.

"दातावर कॅप बसवताना आपण काय करतो?" त्यांनी मला विचारलं.

मी साहित्याचा पदवीधर. मला ते रूपक वाटलं. मी मान डोलावली.

त्यांनी भोक कोरडं केलं, नट कोरडा केला, आट्यांना ते पांढरं लावलं, नट बसवला, आवळला आणि अंगठ्याने दाबून धरून ठेवलं. बाहेर आलेलं जास्तीचं बारीक टोकाने खरवडून काढलं. वरून नवं ऑइल ओतलं, नरसाळ्याखाली रुमाल धरून. मग गाडीखाली पांढरा कागद पसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद पांढराच होता. वहिनींनी दोन्ही बाजूंनी पाहिला.

त्यानंतर डॉक्टरांचं जे सुरू झालं ते ऐकलेल्यांनी ऐकलं आहे. ज्यांना नुसता दात घासून घ्यायचा होता त्यांनाही थेंबापर्यंत थांबावं लागे. थेंब गोष्टीत आधी जिभेवर पडायचा, मग ओंजळीत, मग एक दिवस तो जमलाच नाही. दुपारचं गाणं लांबलं. काचा थोड्या खाली आल्या होत्या. हा विजयाचा परिणाम. शेजाऱ्यांना काही विचारलं गेलं नव्हतं.

मग पुढच्या ऑइलची वेळ आली.

वहिनी माहेरी गेल्या होत्या. पंच नव्हता, पैज नव्हती. डॉक्टरांनी मला उगीच सोबतीला बोलावलं. तोच कोट, तोच दिवा, तोच आरसा. त्यांनी पाना लावला आणि जोर दिला. मग पुन्हा दिला. मग आतून पाना घसरल्याचा आवाज आला, मग पुन्हा तोच. नंतर काहीच आवाज आला नाही. मी वाकून पाहिलं. डॉक्टर हात पोटावर ठेवून शांत पडले होते.

"निघत नाही?" मी विचारलं.

"निघणार नाही," ते म्हणाले. "मी बसवलाय."

त्या आवाजात दुःख होतं, पण मी शपथेवर सांगतो, थोडा अभिमानही होता. त्याच पांढऱ्या सिमेंटने त्यांनी बसवलेली कॅप आजवर निघाली नाही. लोक त्यासाठीच तर लांबून येतात. पान्याने नटाचे कोपरे झिजले होते. आता तो नट नव्हता, नुसती गोटी होती.

मग आम्ही चहा घेत सगळे मार्ग बघितले. गॅरेजवाला खालचा सगळा ऑइलचा चेंबर काढून नवा टाकेल, पण त्याआधी आत बघेल, आणि बघितलं की विचारेल हे काय लावलंय. त्याच्या चार दाढा डॉक्टरांच्या हातच्या. तो सगळीकडे सांगणार. ड्रिलने भोक पाडावं तर लोखंडाचा चुरा आत जाणार. शेवटचा मार्ग वरून नळी घालून ऑइल ओढून घ्यायचा. तसं करतात म्हणे. हे बोलून डॉक्टर थांबले आणि दवाखान्याच्या दाराकडे बघू लागले. आत रोग्याच्या तोंडातली लाळ ओढायचं यंत्र आहे. माझी दुसऱ्या दिवशीची वेळ ठरलेली होती. मी म्हणालो, ते नको.

त्यानंतर काही दिवस ते गाडीत बसत, पण गात नसत. गाडी चालवतही नसत. जुन्या ऑइलवर इंजिन घासत राहील आणि एक दिवस जागीच अडकेल, हे त्यांना ठाऊक होतं. अडकलं की गॅरेजवालाच येणार. काचा वर, तोंड बंद. मला वाटलं, खचले. मी साहित्यात असे लोक वाचले आहेत.

पण ते खचले नव्हते. विचार करत होते.

वहिनी परत आल्या त्या रविवारी मेहुण्याला जेवायला बोलावलं होतं. मलाही. जेवण झाल्यावर डॉक्टरांनी घसा साफ केला आणि म्हणाले की पैज आपण जिंकलो खरी, पण जिंकल्याचं सुख नाही. आपला एकुलता एक मेहुणा. त्याची इच्छा. वस्तूंत जीव किती गुंतवायचा? खिशातून किल्ली काढून त्यांनी मेहुण्याच्या ताटाजवळ ठेवली.

मेहुण्याने आधी बहिणीकडे पाहिलं, मग किल्लीकडे. त्याचे डोळे भरून आले. रंगाच्या दुकानात उधारीवाल्यांशी बोलताना तो कसा असतो ते मी पाहिलं आहे, म्हणून सांगतो, हे साधं नव्हतं. तो उठला आणि डॉक्टरांच्या पाया पडला. वहिनींनी पदराने डोळे टिपले, आणि नंतर डॉक्टरांचं पान स्वतः उचललं. लग्नानंतर पहिल्यांदा असावं. डॉक्टर संकोचले. संकोच खरा वाटत होता.

मी पाणी पीत होतो. पीत राहिलो.

आम्ही सगळे पोर्चमध्ये निरोपाला आलो. मेहुणा गाडीत बसला, आरसा स्वतःपुरता वळवला, काच खाली केली. मग त्याला आठवण झाली.

"भावोजी, ऑइलची वेळ झालीच असेल ना?"

"आलीय जवळ," डॉक्टर म्हणाले.

"मग पुढच्या रविवारी तुम्हीच या. गॅरेजवाल्याचा हात नाही लागू देणार मी. गल्लीतल्या सगळ्यांना बोलावतो बघायला. किती वेळा सांगितलंय त्यांना तुमचं."

"मीपण येते," वहिनी म्हणाल्या. त्या डॉक्टरांच्या जवळ उभ्या होत्या. अगदी जवळ. "मागच्या वेळी मी जरा जास्तच कडक वागले."

गाडी पांढऱ्या फरशीवरून मागे सरकली. रस्त्याला लागली. तिचा आवाज मला जरा कोरडा वाटला, पण मला त्यातलं कळत नाही.

डॉक्टर हात हलवत हसत राहिले. त्यांचे दात फार चांगले आहेत.