हौसाच्या विहिरीवरची मोटार

कोंडवलीहून रत्नागिरीला जाणारी मोटार तीन वर्षे तळवाडीतून जात असे, आणि तीन वर्षे ती हौसाच्या विहिरीवर पाणी पीत असे. कोंडवलीचा उभा चढ चढून मोटार सड्याच्या, म्हणजे वरच्या कातळपठाराच्या, तोंडाशी यायची, फाट्यावरून खाली तळवाडीत उतरायची, आणि वाफ सोडत हौसाच्या अंगणाच्या दगडी गडग्याला लागायची. चालक लवू उतरेपर्यंत हौसाच्या दोन बादल्या भरलेल्या असत. त्या मोटारीच्या रेडिएटरमध्ये ओतल्या की मोटार शांत होई आणि पुढच्या बाजूने पुन्हा सड्यावर चढून रत्नागिरीचा रस्ता धरी.

हौसा चाळिशीची, ठेंगणी, झपझप चालणारी कुणबीण. बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायची, त्यामुळे भल्याभल्यांना आपल्या कपाळावर काही लागले आहे की काय असे वाटे. पाण्याबद्दल तिने कधी काही मागितले नाही. एका दिवाळीला मोटारीचे मालक हरिश्चंद्र शेठ यांनी तिला खण पाठवला, तर तिने लवूच्याच हाती टोपलीभर काकड्या परत धाडल्या. आल्या-गेल्याला पाणी द्यायचे, यात विशेष ते काय, असे तिचे म्हणणे.

तिचा नवरा महिपत मुंबईला गिरणीत होता. तिथे पायावर लोखंडी रूळ पडला आणि तो घरी आला. जखम वरून मिटायची, आतून पुन्हा उघडायची. रत्नागिरीच्या दवाखान्यात दर मंगळवारी धुऊन पट्टी करून घ्यावी लागे. डॉक्टरने स्वच्छ सांगितले होते, की खाडा झाला आणि घाण घोट्याच्या वर चढली तर पाय कापावा लागेल. मोटार दारात येत होती, म्हणून मंगळवार चुकत नव्हता.

चौतीस सालच्या पावसाळ्यानंतर सड्यावरून नवा सरळ रस्ता झाला आणि शेठने मोटार तिकडून नेली. तळवाडीला कोणी कळवले नाही. त्या सकाळी हौसा दोन बादल्या भरून उभी होती, आणि भोंगा वाजला तो वर सड्यावर.

खरे सांगायचे तर आम्हा कोंडवलीकरांना बदल आवडला. वीस मिनिटे वाचत होती. राजाभाऊ केळकर रत्नागिरीला वकिलांकडे कारकून होते. ते आता वेळेवर पोचू लागले. आनंदीबाईंना तळवाडीच्या वळणांवर मळमळायचे, त्या दोन्ही हात जोडून म्हणाल्या, "सुटले बाई एकदाची!" मी कोंडवलीच्या शाळेत मास्तर. कचेरीत काम असले की मीही त्याच मोटारीने जाई, आणि ती वीस मिनिटे मलाही गोड लागली होती.

हौसा पायी रत्नागिरीला गेली आणि शेठच्या पेढीसमोर उभी राहिली.

"तळवाडीत उतारू किती? तीन," शेठ म्हणाले. "तिघांसाठी गाडी खाली घालू?"

"तीन उतारू म्हंजे तीन मान्सा, शेठ."

"मग तीन माणसांनी वर फाट्यावर यावं. पाखाडी आहे ना?"

पाखाडी होती, दीडशे दगडी पायऱ्या. धडधाकट माणसालाही वर येऊन दम खावा लागे. हौसाने वाद घातला नाही. महिपतचे दोन पुतणे घरी होते, त्यांनी थंडीभर दर मंगळवारी त्याला डोलीत घालून पाखाडी चढवली. शिमगा झाला आणि पुतणे मुंबईला गेले. वाडीत राहिले म्हातारे आणि बायका. हौसा आणि शेजारची मैना यांनी एकदा डोली उचलून पाहिली. तिसाव्या पायरीवर मैनाचा पाय सरकला, आणि तिघेही दगडावर बसून राहिले. तीन मंगळवार गेले. पायाला वास येऊ लागला.

चौथ्या मंगळवारी मी मोटारीत होतो. चैत्र होता. मार्ग बदलला तेव्हा दिवाळीचे दिवस होते, सड्यावर जागोजाग झरे वाहत होते. लवू डबा बुडवायचा आणि निघायचा. चैत्रात त्या सड्यावर ओला हात पुसायलासुद्धा पाणी मिळत नाही, हे शेळ्या राखणाऱ्यांनाही ठाऊक होते. रत्नागिरीच्या पेढीवर बसून मार्ग आखणाऱ्या शेठना ते सुचले नव्हते. लवू गेले काही दिवस घरून डबा भरून आणत होता. त्या दिवशी तो डबा तळाला गळका निघाला. फाट्यावर येताच मोटारीने वाफेचा फवारा सोडला आणि ती उभी राहिली.

आम्ही नऊ उतारू खाली उतरलो. सावली नव्हती. कातळ पायाखाली तव्यासारखा तापला होता. लवू रिकामा डबा घेऊन पाखाडीने उतरला, आणि तहानेने कासावीस झालेले आम्ही सगळे त्याच्यामागून.

हौसाने आम्हाला ओटीवर बसवले. प्रत्येकाला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. आनंदीबाईंच्या डोळ्यांवर तिने ओला पदर धरला. आत महिपत पाय उशीवर ठेवून पडला होता. वास ओटीपर्यंत येत होता.

लवूने डबा पुढे केला. "वयनी, येवडा भरून द्या. बूड कापडाने बांधून घेतो."

"तू प्यालास?"

"प्यालो."

"आनखी पी. डबा ठेव खाली."

"वयनी, मोटार तापलीय वर!"

"तापंल. तिला मी वळखत न्हाय. माज्या दारात यायची तवा वळखत होते."

लवू मैनाकडे गेला, पलीकडच्या सखूच्या घरी गेला. सगळ्या घरांनी त्याला गूळपाणी दिले. कळशी कोणी दिली नाही. तो पोटात पाणी डुचमळत परत आला.

राजाभाऊंनी तोवर एक युक्ती केली. त्यांनी चौथा तांब्या मागितला आणि हळूच पाठमोरे वळून डब्यात ओतू लागले.

"पोटात घाला, राजाभाऊ," हौसा म्हणाली. "डब्यात न्हाय."

"अहो बाई, कोर्टाची वेळ झाली! पाणी अडवणं हे शोभतं का?"

"कुनाचं अडवलं? तुमच्या घशाला कोरड हाय? तांब्या भरते."

राजाभाऊंनी कपाळावरून हात फिरवला. मग ते माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही सांगा हो हिला काहीतरी."

आतून महिपत कुशीवर वळल्याचा आवाज आला, आणि त्या वीस मिनिटांचा मला संकोच वाटला. मी एवढेच विचारले, "हौसा, मग मोटारीनं करायचं काय?"

"खाली यायचं. फाट्यापासनं उतार हाय. इंजिन कशाला लागतंय? ढकला."

"आम्ही ढकलू?" राजाभाऊ उभेच राहिले.

"आमी बायकांनी डोली उचलली, राजाभाऊ. तुमी तर नऊ जन."

पहिल्या उठल्या त्या आनंदीबाई. "चला," त्या म्हणाल्या, "मळमळलं तरी चालेल. हा वास मला आता घरी जाऊन जेवू देणार नाही."

आम्ही पुन्हा पाखाडी चढलो. लवू आत सुकाणूच्या चाकाशी बसला, आम्ही मागून खांदे लावले, आणि मोटार जुन्या रस्त्याला लागली. नंतर ढकलावे लागले नाही. लवू ब्रेक दाबत ओरडत होता आणि आम्ही मागून धावत होतो. राजाभाऊंची टोपी उडाली ती त्यांनी उचललीही नाही. गडग्याशी मोटार थांबली तेव्हा दोन बादल्या भरलेल्या होत्या.

महिपतला आम्ही चौघांनी उचलून आत बसवले. मोटार गुरगुरू लागली तसा लवूला शेठचा हुकूम आठवला. "वयनी, उद्यापासनं मी वरूनच जानार. सांगून ठेवतो."

"जा की," हौसा म्हणाली. "ऊन उद्याबी हाय."

दुसऱ्या दिवशी लवू दोन डबे घेऊन निघाला. एक चढावरच संपला, दुसरा फाट्यावर. तिसऱ्या दिवसापासून त्याने न बोलता चाक खाली वळवायला सुरुवात केली. डॉक्टरने महिपतची करंगळी काढली. पाय राहिला, पण पाऊस लागेपर्यंत मंगळवार चुकवू नका, असे बजावले.

पुढल्या मंगळवारी शेठ स्वतः कोंडवलीहून मोटारीतून आले; मीही त्या मोटारीत होतो. लवू पाणी ओतत होता तेवढ्यात ते ओटीवर बसले. हौसाने गूळ पुढे ठेवला.

"बाई, तुझं खरं होतं," शेठ म्हणाले. "तुझ्या नवऱ्याला दर मंगळवारी माझे दोन हमाल डोलीतून वर नेतील. तू फाट्यावर दोन पिंपं भरून ठेवायची. मोटार वरून जाईल, तुझंही काम होईल."

हौसाने पाण्याचा तांब्या शेठपुढे ठेवला. तिला जे हवे होते ते समोर आले होते, पण मोटार पुन्हा वरून जाणार होती. गडग्यापलीकडे सखू उभी होती, सातवा महिना लागलेली. तिला सुईण म्हणाली होती, या खेपेला दवाखान्यातच जा.

हौसाने मागे वळून महिपतकडे पाहिले. तो काठी टेकत दारात आला होता.

"मना डोली नको," तो म्हणाला. "मी मोटारीत बसनार. सखूबी बसंल."

"ऐकलात शेठ?" हौसा म्हणाली. "पिंपा-बिंपा काय न्हाय. हितं यायचं आनि हितं पानी घ्यायचं."

"आणि नाही आलो तर?"

"तर ढकलायला मान्सा घेऊन या."

मोटारीत राजाभाऊ मोठ्याने हसले, आणि मग खोकल्याचे निमित्त केले. शेठ उठून मोटारीत पुढच्या जागी जाऊन बसले. लवूने झाकण घट्ट केले. हौसाने महिपतला दंडाला धरून तिथवर आणले आणि दार उघडले.

"सरका जरा, शेठ," ती म्हणाली. "त्याला पाय लांब करून बसाया लागतं."