शुभारंभाचा कागद

१७ ऑक्टोबर १९९८ रोजी, धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर, गुडगावच्या एका कपडे निर्यात करणाऱ्या कंपनीने रुपये ६२,४५० रोख मोजून लेझर प्रिंटर आणला. दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत त्यातून निघणाऱ्या प्रत्येक कागदावर काळे ठिपके येऊ लागले होते. एक ठिपका आकड्यांच्या मधोमध बसून दशांशचिन्ह झाला आणि बँकेने बिले परत पाठवली.

कंपनीचे मॅनेजर भसीनसाहेब. त्यांनी चौकशी केली नाही, निकाल दिला. प्रिंटरवर बसते नीला. तेव्हा चूक नीलाची. नवे कार्ट्रिज चार हजार आठशेचे, ते तिच्या पगारातून कापायचे, आणि पुढच्या महिन्यापासून दुसरी मुलगी बघायची. नीलाचा पगार चार हजार होता आणि दिल्लीच्या द्वारका भागातल्या फ्लॅटचा हप्ता त्याच पगारावर चाले. तिने करोल बागेत प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या, ओळखीच्या हरिदासला फोन केला.

हरिदासच्या घराण्यात सोने-चांदी गाळण्याचे काम. एकोणिसाव्या वर्षी भट्टीचा धूर सोसेना म्हणून तो टाइपरायटरच्या दुरुस्तीत शिरला आणि बावीस वर्षे त्यात राहिला. मग एकाएकी सगळ्या कचेऱ्यांना कॉम्प्युटरचे वेड लागले आणि त्याने हाताने सांभाळलेली यंत्रे किलोच्या भावाने भंगारात गेली. प्रिंटर तो कोणाकडे शिकला नाही. लोकांनी बिघडवून फेकलेले प्रिंटर उघडून शिकला. त्यामुळे यंत्राबद्दल त्याला आदर होता आणि यंत्र विकत घेणाऱ्यांबद्दल मुळीच नव्हता.

गुडगावच्या त्या इमारतीला बाहेरून निळी काच होती आणि आत संडासात पाणी नव्हते. रिसेप्शनवर संगमरवर. हरिदासने वहाणा पुसल्या नाहीत.

"काका, विक्रेत्याचा इंजिनियर येऊन गेला," नीला हळूच म्हणाली. "टाय लावलेला."

"काय केलं त्यानं?"

"मशीन बंद केलं, चालू केलं. मग म्हणाला, हाताळणीचा दोष."

"एवढंच शिकवतात त्यांना. टायची गाठ मात्र बरी मारतात."

त्याने एक कागद छापून घेतला, खिशातली पोलादी पट्टी काढली आणि ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत मोजले. नऊ सेंटिमीटर चार मिलिमीटर. पुढचाही तेवढाच. मग त्याने कार्ट्रिज बाहेर काढले, झाकण उचलले आणि आतल्या हिरव्या ड्रमवर, कागदावर शाई उमटवणाऱ्या नळकांड्यावर, टॉर्च धरली.

"हे बघ. ड्रमचा घेर नऊ-चार. एक फेरा झाला की एक ठिपका. इथं ओरखडा आहे, तांदळाएवढा. आणि कडेला कुंकू."

"मी तर आत हातसुद्धा घातला नाही हो!"

"तुझ्या हाताला तांदूळ लागलेत का? मशीनची पूजा कोणी केली?"

नीलाने भसीनसाहेबांच्या केबिनकडे पाहिले.

हरिदास सरळ आत गेला. केबिनमध्ये खुर्चीच्या मागे सोनेरी चौकटीत एक कागद टांगला होता. वरच्या बाजूला कुंकवाचे स्वस्तिक, खाली छापलेले 'शुभ लाभ'. स्वस्तिकाची एक रेघ फरफटली होती आणि तिथे तुपाचा डाग. म्हणजे साहेबांनी तुपात कालवलेल्या कुंकवाने कोऱ्या कागदावर स्वस्तिक काढले, त्यावर अक्षता चिकटवल्या आणि तोच ओला कागद पहिला म्हणून मशीनमध्ये घातला. एम.ए. झालेला माणूस! मशीनच्या पोटात अक्षता ढकलून वर टाळ्या वाजवल्या असणार.

हरिदासने न विचारता चौकटीवर पट्टी टेकवली. स्वस्तिकाच्या डागापासून नऊ-चार खाली एक काळा ठिपका. त्याच्याखाली नऊ-चारवर दुसरा.

"ये क्या कर रहे हो?" भसीनसाहेब उठले.

"बीमारी नाप रहा हूँ साहब. पहले दिन की है."

"वो शगुन का निशान है."

"शगुन तो बैंक ने लौटा दिया."

साहेबांचा चेहरा लाल झाला. मग आवाज मऊ करून त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला. "देखो भाई, तुम लिख दो, ऑपरेटर की गलती. तुम्हारा पेमेंट अभी, और साल का कॉन्ट्रॅक्ट भी तुम्हें."

अकरा प्रिंटर होते त्या कचेरीत. वर्षाचे कंत्राट म्हणजे करोल बागेतल्या दुकानाचे भाडे सुटले असते. हरिदासने चहाकडे पाहिले. चहा कागदी कपात होता आणि कप गळत होता. अशी कंपनी, आणि ती परदेशात माल पाठवते.

त्याने स्लिपबुक काढले आणि उभ्यानेच लिहिले: 'ड्रमवर ओरखडा. कारण, पहिल्या दिवशी तूप-कुंकू व अक्षता लावलेला कागद मशीनमध्ये घालणे. ऑपरेटरचा दोष नाही. नवे कार्ट्रिज घ्यावे.' हेच खाली हिंदीत.

"पूजा को गलत लिखोगे?"

"पूजा ठीक है साहब. टीका बाहर लगाते हैं, पेट में नहीं."

"मैं साइन नहीं करूँगा. और बिना साइन पेमेंट नहीं होता यहाँ."

"मत कीजिए."

स्लिपच्या तीन प्रती निघत. एक त्याने साहेबांच्या टेबलावर ठेवली, एक स्वतःच्या खिशात घातली. तिसरी तो अकाउंट्समध्ये घेऊन गेला. म्हाताऱ्या मुनीमजीने ती दोनदा वाचली, उठून केबिनच्या दारातून चौकटीकडे टक लावून पाहिले आणि परत येऊन नीलाला बोलावून तिच्या पगारकपातीचा कागद तिच्यासमोर फाडला. "पाँच हज़ार का शगुन!" तो स्वतःशीच म्हणाला.

नीला लिफ्टपर्यंत पोचवायला आली. "काका, कॉन्ट्रॅक्ट गेलं ना तुमचं माझ्यामुळे?"

"अकरा मशिनी आणि एक भसीन. कुणी निस्तरायचं? तू जा, नवं कार्ट्रिज मागव, बिलं छापून घे."

लिफ्ट बंद होती. तो जिन्याने उतरला.

नीलाच्या पगारातून काही कापले गेले नाही. तिची नोकरीही राहिली. चौकट अजून त्याच भिंतीवर आहे. हरिदासच्या भेटीचे साडेतीनशे रुपये कंपनीकडून यायचे आहेत.