कुणाचा पोरगा किती तास लांब

रिटायर माणसांनी रोज एकाच जागी चहा घेतला की किस्से आपोआप साचतात. आमची जागा म्हणजे वाशिमला कांतीलालशेठच्या कापड दुकानाची पायरी. सगळे पोराची वाट पाहणारे. पोरगं येत नाही, म्हणून मग ते किती लांब आहे याचीच फुशारकी! माझी मुलगी पुण्याला. म्हणजे ट्रॅव्हल्सची एक रात्र! त्यामुळे या विषयावर मला तोंड उघडायची परवानगी नाही.

*

शेठचा मुलगा टोरांटोला, गुलाबराव मास्तरांचा सिडनीला. एकदा शेठनी मोबाईलवर नागपूरहून दोन्हींचं अंतर काढलं. टोरांटो पुढे! शेठ फुलले.

मास्तर कुठले ऐकतात! "किलोमीटर राहू द्या शेठजी, टाइम सांगा! आमचा गणेश दोन जागी विमान बदलते. अर्धा दिवस तं एअरपोर्टवरच बसून राह्यते!"

पोरगं स्वस्तातलं तिकीट काढतं, आणि बापाची इभ्रत वाढते!

*

शेठ एकदा स्वतः टोरांटोला जाऊन आले. पक्के जैन, दिवस मावळला की जेवण बंद. पण दिवसाचं विमान पश्चिमेकडे पळत होतं आणि सूर्य काही बुडायचं नाव घेईना.

"धर्म बी पाळला अन् चारदा जेवलो!" शेठ सांगतात. येताना मात्र दोन घासांत रात्र झाली म्हणे. टोरांटोबद्दल शेठची एवढी एकच तक्रार आहे.

*

"मुलगा सोमवारी पहाटे दिल्लीहून उडाला, अन् सोमवारीच सकाळी तिकडे उतरला!" शेठ कौतुकानं सांगत होते. "येताना तारीख बदलते."

आतून शेठाणी कडाडल्या, "बदलंलच! जायले घाई, यायले आळस!"

शेठनी घड्याळांचा फरक समजावून सांगितला. शेठाणी कापडाच्या घड्या घालत राहिल्या.

*

मागच्या थंडीत मास्तरांचा गणेश मित्राच्या लग्नाला नागपुरात आला. मास्तरांनी घराला रंग दिला, नवी गादी भरली. मग फोन आला, "बाबा, नागपूर ते वाशिम लय दूर पडते. तुमीच या ना!"

सिडनीहून आलेल्या माणसाला! मास्तर एसटीनं गेले, हॉटेलात तासभर भेटून परत आले.

"कसा आहे गणेश?" मी विचारलं. मला भयंकर राग आला होता.

"थकला होता बिचारा," मास्तर म्हणाले, "लांबचा प्रवास ना!"

*

गेल्या आठवड्यात मागच्या गल्लीतले पुंडलिकभाऊ पायरीवर येऊन बसले. त्यांची बायको कधीची अंथरुणावर आहे. पाच मिनिटं मोकळी मिळाली म्हणून चहाला आले होते. शेठनी सवयीनं विचारलं, "तुमचा पोरगा कुठं असते?"

"अनसिंगले. दुकान हाये त्याचं."

मास्तर खो खो हसले. "अनसिंग! हे तं बाजूलेच हाये! मंग काय, किती वेळ लागते यायले?"

पुंडलिकभाऊंनी जरा विचार केला.

"माय आठवण काढून राह्यली, ये बाप्पा, म्हणून फोन केला. निघालोच म्हणे. तवा सोयाबीनची पेरणी चालू होती." त्यांनी कप खाली ठेवला. "आता मळणी झाली."