व्याह्यांचा तांबडा पट्टा

पृथ्वी तयार होत असताना तिथे कोणी एक इसम हजर होता आणि तो कामातल्या चुका काढत होता, असं उद्या सिद्ध झालं, तर ते आमचे व्याहीच असणार यात मला शंका नाही. मूळचे निघोज्याचे. उभी हयात चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं देवाकडे वळतात, नाहीतर गुडघ्यांकडे. हे गृहस्थ आमच्या दोघांच्या नातीच्या भूगोलाच्या पुस्तकाकडे वळले. पोरीची परीक्षा झाली, ती ते विसरलीसुद्धा. यांना मात्र ते चढलं. कोणी म्हणेल, छंद आहे म्हाताऱ्याला. अहो, छंद एका माणसाला असतो. हा सगळ्या नातेवाइकांना झाला आहे.

त्यांच्या मते पृथ्वी ही तिन्ही शिफ्ट चालणारी कंपनी. गाभा म्हणजे भट्टी, प्रावरण म्हणजे शॉप फ्लोअर, आणि ज्याच्यावर आपण घरं, मॉल आणि उड्डाणपूल बांधून ठेवलेत ते भूकवच म्हणजे नुसता वरचा पेंट. ‘पेंटवर राहतोय आपण, व्याही, आन् मिजास किती,’ असं ते आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये, अनोळखी माणसांसमोर, मोठ्यांदा म्हणतात. रस्त्याने त्यांच्याबरोबर चालायची सोय नाही. खड्डा दिसला की लोक वळसा घालतात. हे उकिडवे बसतात. खालचा थर जुना, वरचा नवा, हा नियम त्यांनी मला दिघीच्या एका खड्ड्यात, मागे टेम्पो हॉर्न वाजवत असताना, समजावून दिला. खाली खडी, मग डांबर, मग मुरूम, मग पुन्हा डांबर. मधल्या थरात एक गुटख्याची पुडी चपटी होऊन रुतली होती. ती त्यांनी नखाने उकरून काढली आणि म्हणाले, ‘ह्या छापाची पुडी बंद व्हऊन जमाना झाला. म्हंजी हा थर मागच्या नगरसेवकाच्या काळातला. ह्याला म्हणायचं जीवाश्म.’ टेम्पोवाला काय म्हणाला ते इथे लिहिता येत नाही.

जेवायला बोलावलं की वेगळीच तऱ्हा. आमच्या हिने हौसेने मासवडी केली, तर यांनी वडी ताटातून उचलून उजेडात धरली. बेसनाची घडी आणि आत वळलेलं सारण पाहून म्हणाले, ‘वली पर्वत. दोन्ही बाजूंनी दाब आला की जमीन अशीच दुमडती.’ रस्सा निवून गेला. हिने ताट पुन्हा गरम करून आणलं आणि आत जाऊन मला सांगितलं की पुढच्या वेळी त्यांना खिचडीच देऊ, तिच्यात काही दुमडत नाही.

माणसांचीही त्यांनी खडकांसारखी वर्गवारी केलेली आहे. एकदम तापून उसळणारे अग्निजन्य. साहेब बदलेल तसा अंगावर थर चढवणारे स्तरित. आणि उष्णता-दाबाखाली मूळ स्वभावच बदलून गेलेले ते रूपांतरित. मला त्यांनी स्तरितात टाकलं. मी ते सोडून दिलं. पण माझ्या मुलीबद्दल भर हळदीकुंकवात, बायकांसमोर म्हणाले, ‘आमची सून रूपांतरित हाय. आली तवा चुनखडी व्हती, आता संगमरवर झालीया.’ आता हे कौतुक आहे हे मला कळतं; पण बापाच्या कानाला ‘चुनखडी’ एवढंच ऐकू येतं हो. पुढे महिनाभर मी त्यांचा फोन घेतला नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पण या सगळ्यात त्यांचा जीव होता तो एका तांबड्या पट्ट्यात. निघोज्याबाहेर एका गोदामाकडे जायला टेकडी कापून रस्ता काढला आहे. कापलेल्या बाजूला काळ्या कातळाची उभी भिंत, आणि तिच्या मधोमध विटकरी मातीचा एक आडवा पट्टा. त्यांच्या घरी पाव्हणा आला की चहाआधी भिंत. मग एक दिवस बातमी आली की कंत्राटदार त्या अख्ख्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मारणार. व्याह्यांचं जेवण तुटलं. अर्ज-विनंत्या झाल्या, कोणी दाद देईना. तेव्हा या माणसाने जे केलं ते फक्त चाकणमध्येच चालू शकतं. कंपनीत ज्या मालाबद्दल शंका असते त्याला ‘होल्ड’चा लाल टॅग लावतात. तो लागला की मालाला हात लावायचा नाही, आणि तो काढायचा अधिकार ज्याने लावला त्यालाच. व्याह्यांनी कातळाला खिळा ठोकला, लाल टॅग अडकवला, ‘तपासणी बाकी’ लिहून खाली सही ठोकली आणि घरी येऊन पोटभर जेवले.

सकाळी मजूर आले, टॅग पाहून थबकले. सुपरवायझर आला, तोही जुना कंपनीवालाच, त्याने मुकाट मशीन बंद केलं. कंत्राटदाराला वाटलं, गोदामवाल्यांनी लावला. गोदामवाल्यांना वाटलं, सरकारी असेल. सरकारी साहेबांना वाटलं, गोदामवाल्यांच्या परदेशातल्या हेड ऑफिसचा. चहा-बिस्किटांच्या मीटिंगा झाल्या. टॅग कोणाचा, हे एकानेही विचारलं नाही, कारण विचारलं की आपल्याला ठाऊक नाही हे उघड होतं. अख्ख्या निघोज्याला ठाऊक होतं. पण निघोज्याला मीटिंगला कोण बोलावतो? मी म्हटलं, ‘व्याहीबुवा, पोलीस येतील.’ ते म्हणाले, ‘येऊ द्या. सही माझी हाय. आन् तपासणी खरंच बाकी हाय.’

त्याच दिवसांत एका संध्याकाळी ते मला भिंतीपाशी घेऊन गेले. मी मनात म्हटलं, झालं, आता प्रावरणापासून सुरुवात. पण ते हळू बोलत होते. ‘खालचा काळा थर म्हंजी एक लाव्हा. वरचा दुसरा. पोरीचं पुस्तक हाती आलं तवा मी निस्तं लाव्हा-लाव्हा करायचो. रिटायर झालो तवा हिला घिऊन हितं यायचो फिरायला. ही त्या धोंड्यावर बसायची. एक दिस म्हणली, अवो, पर मधी काय व्हतं? तवा मी पट्टा बघितला. मधी लाव्हा थांबला व्हता, व्याही. लई वर्सं. दगडाची माती झाली, कायबाय उगवलं आसंल.’ विहीणबाई त्यांच्या निवृत्तीनंतर वर्षभरात गेल्या. त्याआधीचा सगळा संसार शिफ्टमध्ये. हे घरात शिरत तेव्हा त्या झोपलेल्या असत. ‘आमाला बी मधी तेवढंच मिळालं,’ ते म्हणाले आणि पट्ट्याकडे बोट केलं. या माणसाची मी इतकी वर्षं टिंगल करत आलो, आणि त्या क्षणी मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. मी ठेवला.

आम्ही उभे होतो तेवढ्यात वरून माती सुटली, आणि काळ्या कातळाचा एक भलामोठा तुकडा घसरत खाली आला. भिंतीच्या पायथ्याशी कंपनीच्या बसची वाट बघत बायका बसलेल्या असतात. तो त्यांच्या बाकड्याजवळ आदळला. कोणाला लागलं नाही. बायका उठल्या, पदर झटकले, डबे गोळा केले. व्याही पुढे गेले, पट्ट्याची माती चिमटीत घेतली आणि बराच वेळ चोळत राहिले. ‘मऊ हाय,’ ते म्हणाले. ‘हाच झिजतोय. खालचा आधार चाललाय आन् वरचा कातळ लोंबकळतोय.’ त्यांनी टॅग काढला. खिशातलं पेन काढून त्याच्यावर ‘माल सोडला’ असं लिहिलं, सही केली, आणि सुपरवायझरच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन त्याच्या हातात दिला. ‘मारा गिलावा. आजच बाया हलवा तितनं.’ सुपरवायझर खुर्चीतून ताडकन उठला आणि म्हणाला, ‘सर, म्हणजे हेड ऑफिसचे तुम्हीच का?’

गिलावा झाला. आता तिथे करडी, गुळगुळीत भिंत आहे, आणि तिच्यावर कोणीतरी बोअरवेलची जाहिरात रंगवली आहे. व्याही तरीही पाव्हण्यांना नेतात. लोक सिमेंटकडे बघत उभे राहतात आणि हे खालच्या लाव्हापासून सुरू करतात. गेल्या रविवारी जावयाच्या ऑफिसातली मंडळी आली होती, मीही गेलो. खालचा थर झाला, आणि पट्ट्यापाशी येऊन व्याही अडले. ते नुसतेच भिंतीकडे बघत राहिले. मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. तेव्हा मी पुढे झालो, भिंतीवर मधोमध हात ठेवला आणि त्यांना सांगितलं, ‘इथे लाव्हा थांबला होता. बरीच वर्षं. माती झाली, काहीबाही उगवलं.’