बिरप्पांच्या पुस्तकाची चोरी

भवानी पेठेत दाक्षायणीच्या कडक भाकरीइतकाच तिचा रागही प्रसिद्ध. बी.कॉम. झालेली बाई, पण गोड बोलणं काही जमलं नाही. धंदा सुरू केला तेव्हा पुड्यांवर 'सर्वोत्तम, शुद्ध, पारंपरिक' असलं काय काय छापायची. गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. मग रद्दीच्या दुकानात तिला 'गिऱ्हाइकास पत्र' नावाचं एक पातळसं पुस्तक सापडलं. लिहिणारे बिरप्पा म्हेत्रे, तेलाच्या पेढीवरचे कारकून, कधीच वारलेले. त्यांचं म्हणणं साधं होतं: मालाची खोट आधी सांगा, गुण मागून. दाक्षायणीनं पुड्यावर छापलं, 'भाकरी लई कडक हाय. दात दुखत असतील तर आमटीत भिजवा.' लोक हसले आणि घेऊन गेले. पुढं चिंचोळी एमआयडीसीतल्या कँटीनलाही तिचे पुडे जाऊ लागले.

म्हणूनच महिला उद्योजकांच्या मेळाव्यात तिचा सत्कार ठरला. पाहुणे अद्वैत सर, यशाची शिबिरं घेणारे. स्टेजवर जायच्या आधी त्यांनी आपलं जाडजूड नवं पुस्तक तिच्या हातात दिलं.

"फोटोत धरा ताई. यामुळंच धंदा वाढला, एवढं एक वाक्य बोला."

तिनं पुस्तक उघडलं. आत पानंच्या पानं बिरप्पांची! तेलाच्या डब्याच्या जागी मोबाइल घातला होता, एवढाच फरक. नाव मात्र कुठंच नव्हतं. तिची कानशिलं तापली.

"सर, हे बिरप्पांचं हाय."

"ताई, ज्ञान सगळ्यांचंच असतं."

"मग त्याच्यावर तुमचं नाव कशाला की?"

माइक हातात आल्यावर तिनं तेच साऱ्या सभागृहाला सुनावलं. आयोजकांनी माइक बंद केला, तर ती तशीच ओरडून बोलत राहिली. टाळ्या वाजल्या, पण त्या तिला खाली उतरवायला. अद्वैत सर हसत बसले होते. बाहेर त्यांच्या पुस्तकाला रांग लागली.

पुढच्या मेळाव्यात दाक्षायणीला स्टॉल मिळाला नाही. मेळावा भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षा वैजयंतीबाई समजूत घालायला दुकानात आल्या.

"सोडून द्या ना आता. तो माणूस मरून किती वर्षं झाली!"

"मेला म्हणून फुकट झाला व्हय?" दाक्षायणी कडाडली. वैजयंतीबाई चहा अर्धा टाकून उठल्या.

बिरप्पांचं पुस्तक आता काउंटरवर असतं. धंद्याचं कुणी विचारायला आलं की ती म्हणते, "हितंच बसून वाचा, आन् आधी लिहिणाऱ्याचं नाव वाचा." काही जणी वाचतात. अद्वैत सरांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघालीय, हे ऐकून परवा तिनं हातातली परात आपटली.