झुम्राच्या साक्षीतली पट्टी

द्रिना नदीकाठच्या त्या गावात युद्धानंतर सातच बायका परतल्या. पुरुष मारले गेले होते, घरं जळाली होती. रोज सकाळी त्या कुणा एकीकडे कॉफीला जमत. लांब दांडीच्या भांड्यातली कॉफी चिमुकल्या पेल्यांत ओतली की जी ती आपल्या माणसाला कसं नेलं ते सांगे. वीस वर्षं हेच चाललं. दुसरं औषध त्यांना कुणी दिलंच नव्हतं.

झुम्रा त्यांच्यातली सगळ्यांत फटकळ. तिच्या नवऱ्याला, रेशिदला, समोरच्या घरातल्या, पण युद्धात दुसऱ्या बाजूला असलेल्या मोमिरनं अंगणातून नेलं, तेव्हा ती सरपणाच्या ढिगामागे दडली होती. मोमिर म्हणाला होता, "बूट घाल रे रेशिद, गवत ओलं आहे." रेशिदनं मुकाट बूट घातले. पुढे सापडली ती हाडं, बुटांसकट.

अखेर मोमिरला पकडलं आणि राजधानीतल्या न्यायालयातून झुम्राला बोलावणं आलं. रेशिदला नेताना पाहिलेलं तिनं एकटीनंच. तिच्या साक्षीवर सगळा खटला उभा होता. तिनं डोक्याला निळा रुमाल बांधला.

"काळा बांध की गं," शेजारची शेफिका म्हणाली.

"त्याला माझं सुतकी तोंड दाखवू? उगीच खूश व्हायचा."

न्यायालयात ती न अडखळता बोलली. शेवटी म्हणाली, "आणि त्याच्या डाव्या हाताला पांढरी पट्टी होती."

मोमिरचा वकील उठला. "बाई, पट्टीचं नक्की?"

"मी विसरेन होय?"

वकिलानं दवाखान्याचा जुना कागद पुढे केला. मोमिरच्या हाताला कापलं होतं दुपारी. रेशिदला नेलं त्याच दिवशी सकाळी सातला. आणि युद्ध संपल्यावर झुम्रानं दिलेल्या पहिल्या जबाबात पट्टीचा उल्लेखच नव्हता.

तेव्हा कुठे झुम्राच्या लक्षात आलं. पट्टी पाहिली होती शेफिकानं, त्याच संध्याकाळी, पुलावर. कॉफी पिता पिता हजारदा ऐकून ती झुम्राच्या डोळ्यांत घर करून बसली होती. "बूट घाल म्हणाला, ते मी ऐकलंय," ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. बुटांबद्दल तिला कुणी विचारलं नाही.

संशयाचा फायदा मिळून मोमिर सुटला. न्यायाधीशांना बोल लावून उपयोग नाही, कागद त्यांच्यासमोर होता. राग यायचा तर त्या वीस वर्षांचा यावा. पहिल्याच वर्षी कुणी झुम्राला साक्षीला उभं केलं असतं, तर तिच्यापाशी फक्त तिनं स्वतः पाहिलेलंच होतं.

पुढचा खटला शेफिकाच्या मुलाच्या खुनाचा होता. आरोपी दुसरा होता आणि साक्षीला शेफिका जाणार होती. त्या आठवड्यात कॉफी झुम्राकडे होती. शेफिकानं पेला उचलला आणि सवयीनं सुरू झाली, "त्या संध्याकाळी पुलावर..."

"गप बस," झुम्रा म्हणाली. "एक शब्द सांगू नकोस. आम्हीही सांगणार नाही. आमचं तुझ्यात मिसळलं तर तोही सुटेल."

"मग इथं येऊन करू तरी काय?"

"कॉफी पी."

सातही जणी खाली मान घालून कॉफी प्यायल्या. समोरच्या अंगणात मोमिर गवत कापत होता, आणि घरात तेवढाच आवाज येत होता.