साक्षीच्या काठीची पेटी

पळसदेवच्या मालनबाई डाळिंबाच्या पॅकहाऊसवर सव्वीस वर्षं आहेत. आधी क्रेट उचलायला होत्या, मग ग्रेडिंगला बसल्या, आणि आता भरलेला बॉक्स गाडीत चढण्याआधी त्यांच्या हाताखालून जातो. कानाजवळ धरून त्या एकदाच हलवतात. आत फळ हललं की बॉक्स परत. मालक एकदा म्हणाला, "मालनबाई, तुमच्या कानापायी रोज गाडीला उशीर व्हतोय." त्या म्हणाल्या, "मंग तुमी हलवा. डाग पडला म्हून फोन आला की त्योबी तुमीच घ्या."

अशा बाईच्या हातून पोरीची काठी वाकली होती.

पोरगी साक्षी, लोणी देवकरच्या कारखान्यात माल तपासायला. तिथल्या कँटीनमागं पूलचं टेबल आहे, काठीनं गोळे भोकात ढकलायचं. साहेब लोकांसाठी आणलेलं, पण साहेब लोक तिकडं फिरकत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत साक्षी त्यावर खेळायला शिकली, आणि दोन वर्षांत अशी तयार झाली की रविवारी बारामतीच्या क्लबात पोरं तिच्याशी खेळायला थांबून राहायची. तिचा बाप गंगाराम गावात सांगायचा, "आमची पोरगी गोट्या खेळती. फकस्त उभ्यानं."

पगार वाढल्यावर तिनं स्वतःची स्टिक घेतली. दोन तुकड्यांची, मधे आट्याचा जोड, टोकाला चामड्याची टिकली. वर पातळ कापडी पिशवी. गेल्या एप्रिलात कंपनीनं तिला महिनाभर चाकणला ट्रेनिंगला धाडलं. घराला पत्रा, दुपारी आत बसवत नाही. मालनबाईंना वाटलं, लाकूड तडकणार. त्यांनी पिशवी उचलली आणि पॅकहाऊसच्या कोल्ड स्टोरेजमध्ये क्रेटच्या मागं उभी केली. थंडीत ठेवलेलं टिकतं, हे त्यांनी सव्वीस वर्षं पाहिलं होतं. डाळिंब सुकू नये म्हणून आतली हवा ओलसर ठेवतात, हेही ठाऊक होतं. पण ते डाळिंबापुरतं.

साक्षीनं परत आल्यावर स्टिक जोडून फरशीवर लोळवली. पुढचं टोक उड्या मारत गेलं.

"कुठं ठेवली हुतीस?"

मालनबाईंनी सांगितलं. साक्षी भांडली असती तर बरं झालं असतं. खेळ बघून कंपनीनं तिला पुढं नवी स्टिक दिली, पण ती तिनं घरी आणली नाही. कारखान्यातल्या लॉकरात ठेवली. मालनबाई रोज पोरीचा डबा भरायच्या आणि त्या लॉकराचा विचार करायच्या.

आता पुढच्या महिन्यात नाशिकला कारखान्यांच्या स्पर्धा होत्या. एसटीचा प्रवास, टपावरचं सामान, पावसाचे दिवस. ही स्टिक वाकली तर कंपनी तिसरी देणार नव्हती. बारामतीच्या क्लबाचा मालक अविराज स्टिका आणि त्या ठेवायच्या पेट्या, म्हणजे केसही विकायचा. रविवारी आधी लोणीला जाऊन लॉकरातली स्टिक घ्यायची आणि मग बारामती गाठायची, असं ठरवून साक्षी निघाली तेव्हा मालनबाई चपला घालून उभ्या.

"तुला काय कळतंय त्यातलं, आये?"

"काठीतलं न्हाय कळत. पेटीतलं कळतंय."

"चल. पर येताना तू हितं उतर. मी तशीच म्होरं लोणीला जाऊन लॉकरात ठिवीन."

"ठेव," मालनबाई म्हणाल्या.

अविराजनं काचेच्या टेबलावर तीन केस मांडल्या. एक मऊ, खांद्याला अडकवायची. ती मालनबाईंनी दोन बोटांनी दाबली आणि बाजूला सारली. दुसरी चकचकीत पत्र्याची, नंबरचं कुलूप असलेली, चार स्टिका मावतील एवढी. साक्षीचा जीव तिच्यावर. तिसरी काळ्या रेक्झिनची नळी, वर घट्ट बसणारं टोपण.

"ही घ्या, मावशी," अविराज पत्र्याच्या पेटीवर थाप मारून म्हणाला. "कुणी उघडणार न्हाय."

"उघडून कोण खेळणार हाय? घाल गं काठी."

साक्षीनं दोन्ही तुकडे आत ठेवले. मालनबाईंनी पेटी कानाशी नेऊन हलवली. टक टक वाजलं.

"जागा लई हाय आत. एसटीत इंदापूरपातुर बी टिकायची न्हाय."

"मावशी, ही काय डाळिंबं हायती व्हय?"

"डाळिंबाला निदान साल असती."

साक्षीला हसू आलं, ते तिनं दाबलं. नळीत दोन तुकड्यांना दोन वेगळे कप्पे होते, आत मखमलीसारखं अस्तर. तुकडे त्यात घालून हलवली तर आवाज नाही. मालनबाईंनी काठीचा तुकडा आत दाबून तळ चाचपला; तिथंही गादी होती. मग नाक लावून वास घेतला. अविराज हसून गल्ल्याकडं वळला, सौदा झाला असं समजून. पण मालनबाईंनी नळी सोडली नाही.

"लाकडाला ओल कशी लागती, त्ये सांगा मला."

"ओल? कशानं?"

साक्षी खाली बघू लागली. मालनबाई म्हणाल्या, "हिची पयली काठी मी कोल्ड स्टोरेजात ठिवली हुती. महिनाभर. मी वाकवली ती. हिच्याकडनं काय झालेलं न्हाय."

क्लबात खेळणारी दोन पोरं वळून बघू लागली. अविराज हसला नाही. "लाकूड हवंतली ओल पितं, मावशी. फुगतं. मग उन्हात आलं की वाळताना वाकडं होतं. लई गार नको, लई गरम नको. आन झाकण घट्ट पायजे."

"मंग पाणी द्या तांब्याभर."

काठी बाहेर काढून त्यांनी पेपरचा एक तुकडा पत्र्याच्या पेटीत टाकला, एक नळीत, आणि दोन्हींची झाकणं लावली.

"मावशी, माल इकायचाय मला."

"कोरडा निघाला तर इकलाच की."

क्लबाच्या पायरीवर दोन्ही आडव्या ठेवून त्यांनी तांब्या ओतला, सावकाश, पाऊस पडावा तसा. मग साक्षीला म्हणाल्या, "उघड तू."

पत्र्याच्या पेटीतला कागद कडेनं भिजला होता. नळीतला कोरडा. साक्षीनं तो दोन्ही बाजूंनी बघितला, गालाला लावून बघितला. मग नळी आईपुढं धरली, पदरानं पुसायला, आणि अविराजला म्हणाली, "हीच द्या. पर दुसरी, न भिजलेली."

"ह्यीच घेऊ," मालनबाई म्हणाल्या. "हिची परीक्षा झाली. दुसरीची कुणी घेतलीय?"

भिगवणला गाडी बदलली. इंदापूरच्या एसटीत उभ्यानंच जागा मिळाली. साक्षीनं नळी छातीशी धरली होती. कंडक्टर गर्दीतून सरकत आला.

"ह्यात काय हाय, बंदूक?"

"गोट्या खेळायची काठी," मालनबाई म्हणाल्या, आणि पिशवीतून पैसे काढू लागल्या. "एक पळसदेव, एक लोणी."

"दोन पळसदेव," साक्षी म्हणाली.

कंडक्टरनं दोघींकडं बघितलं. "नक्की काय ते सांगा."

साक्षीनं स्वतःच पैसे दिले, तिकिटं घेतली आणि नळी आईच्या हातात देऊन वरचा दांडा धरला.